अडतीस छातीचा जानराव

चांदूर बाजारच्या गयासुद्दीन टेलरनं मराठीत कादंबरी लिहायला घेतली, यात शासनाला आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. अडचण त्याच्या पद्धतीत होती. माप घेतल्याशिवाय त्याला माणूस सुचतच नसे. आधी छाती, खांदा, बाही ठरवायची, त्या मापाचा शर्ट शिवून दुकानात टांगायचा आणि मग त्या शर्टाकडे बघत स्वभाव लिहायचा. त्याचा लाडका नायक जानराव. छाती अडतीस, मुक्काम शेंदूरजनाघाट, संत्र्याची बाग, बायकोशी पटतं, झोप चांगली. हा जानराव असा काही खदखदून हसायचा, की लिहिताना गयासुद्दीनही एकटाच हसत सुटे.

"गिराईक के पतलून पडे हैं, और जो पैदाच नहीं हुआ उसके काज-बटन कर रहे!" असं त्याची बायको आयशाबी ओरडायची, आणि जानरावच्या शर्टाला जास्तीचं एक बटण स्वतःच लावून द्यायची.

ते दोन हजार सहा साल होतं. आत्महत्या वाढल्यानं शेतकरी कुटुंबांच्या तणावाची सरकारी मोजणी चालू होती. मोजणीवाले वामनराव पँट आखूड करून घ्यायला दुकानात आले. त्यांच्या फॉर्मात चार रकाने होते: अतितणाव, मध्यम, सौम्य आणि तणाव नाही. चौथा रकाना आजवर कोराच राहिला होता, आणि कोरा रकाना वरच्या साहेबांना खपत नसे. तेवढ्यात त्यांना जानरावच्या शर्टावर टाचलेली चिठ्ठी दिसली. नाव, गाव, माप, आणि खाली ठळक अक्षरात 'सुखी'. वामनरावांचे डोळे पाणावले.

"भाऊ, तो खरा नाही जी," गयासुद्दीन घाईनं म्हणाला. "माह्या मनातला हाय."

"नाव-गाव तं हाय ना? मंग झालं! खऱ्या लोकायच्या घरी तरी कोन जाऊन राह्यलं?"

आठ दिवसांत गयासुद्दीनला कचेरीतून साहेबांचं बोलावणं आलं. दिल्लीच्या पथकाला सुखी शेतकरी प्रत्यक्ष पाहायचा होता.

"जानरावला हजर करा."

"तो नाही साहेब."

"बाहेरगावी गेलाय?"

"जन्मलाच नाही जी."

"उशिरा जन्मनोंदीचा फॉर्म खालच्या खिडकीवर मिळतो."

फॉर्म भरायलाही वेळ नव्हता. शेवटी कचेरीतलाच अडतीस छातीचा एक शिपाई शोधून त्याच्या अंगावर तो शर्ट चढवला. पथकासमोर तो नियमात बसेल इतकं हसला. सुखाचं कारण विचारताच त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "दर महिन्याले पगार येते जी."

पथक भारावून परतलं. शेतकऱ्याला दरमहा पगार कोणत्या योजनेतून देता, अशी दिल्लीहून विचारणा आली, तेव्हा साहेबांना घाम फुटला. जानरावला यादीतून काढायचं ठरलं. पण एकदा नोंदलेला शेतकरी यादीतून वगळायची कचेरीत एकच रीत होती. यादीतला रकाना क्रमांक अकरा: मयत.

"पुरावा लागेल," साहेब गयासुद्दीनला म्हणाले. "कादंबरीत त्याला मारा. ते पान आम्ही साक्षांकित करून जोडतो."

गयासुद्दीननं हात जोडले. "साहेब, त्याच्या संत्र्याचा आंबिया बहार आत्ताच धरला हाय. पोरीचं लगन बाकी हाय. कावून मारू त्याले?"

"लेखक ना तुम्ही? बाकीचे पहिल्याच पानावर शेतकरी मारतात आणि सत्कार घेतात. तुमचंच काय असं जगावेगळं?"

त्या दिवशी गयासुद्दीननं दुकानात बसून तीनदा पेन उचललं. तिसऱ्यांदा आयशाबीनं ते हातातून काढून घेतलं. "मत मारो जी. हसता है बेचारा."

मग ते पान साहेबांनीच लिहिलं. फारच हृदयद्रावक उतरलं, म्हणतात. अमरावतीच्या एका साहित्य मंडळात त्याचं जाहीर वाचन झालं, श्रोते रडले, साहेबांना शाल मिळाली.

गयासुद्दीनची कादंबरीही यथावकाश छापून आली. तिच्यात जानराव शेवटच्या पानापर्यंत जिवंत आहे आणि पोरीच्या लग्नात नाचतो. लोक दुकानात येतात, पुस्तक उचलतात, थेट शेवटचं पान उघडतात आणि विचारतात, "म्हंजे हा मरत नाही का?" नाही म्हटलं की पुस्तक खाली ठेवून देतात.

त्यांना हसू नका. तुम्ही तरी इथवर कशासाठी वाचत आलात?