पास्कल अंकल आणि उपाशी तिसरा भाऊ

माझ्या मुलीच्या वाढदिवसाला पास्कल अंकलनी शर्टाच्या खिशातून मापाचा व्हर्नियर काढला आणि केकचा व्यास मोजला. पोरगी सुरी घेऊन ताटकळत उभी, मेणबत्त्या संपत आलेल्या. अंकलनी काडीने क्रीमवर रेघा मारल्या आणि मगच कापायची परवानगी दिली. आठही तुकडे अगदी सारखे निघाले, हे मात्र कबूल करायला हवं.

आमची इमारत अंधेरीच्या एका जुन्या गावठाणाला चिकटून आहे. तिथेच अंकलचं दुमजली घर. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची आई, दोघंच. आईंची नजर गेल्याला बरीच वर्षं झाली. अंकलचा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये गेला, त्यामुळे ‘माप घेऊ, मग बोलू’ हे त्यांचं प्रत्येक गोष्टीवरचं उत्तर. तिशीत एक चांगलं स्थळ आलं होतं, तेव्हाही ते हेच म्हणाले, असं गावठाणात सांगतात.

त्यांचा जीव एका जुन्या लाल गाडीत. तिचं इंजिन त्यांनी स्वतः खोलून, घासून, इतकं तेज केलंय की नव्या गाड्या सिग्नलला मागे पडतात. रोज संध्याकाळी घराच्या वळणावर ते दोनदा ॲक्सिलरेटर दाबत. या वयात केवढी हौस, असं आमच्याकडे म्हटलं जाई. म्हणणाऱ्यांत मी पहिला.

इंजिनावर हवेचा एक डबा असतो, त्याला प्लेनम म्हणतात. मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण अंकलच्या शेजारी राहून सुटका नाही. हवा आधी त्या डब्यात शिरते आणि तिथून चार सिलिंडरांत वाटली जाते. अंकलच्या मते कंपनीच्या डब्यातली वाटणी बरोबर नव्हती.

“चार भाऊ आहेत रे सुहास. तिसरा उपाशी राहतो.”

यावर उपाय एकच, ॲल्युमिनियमचा मोठा डबा खास बनवून घ्यायचा. घ्यावा की नको, हा विचार तीन वर्षं चालला. आमच्या दिवाळीच्या मिठाईचे खोके आधीच बुक असत. त्यांना काजूकतलीशी देणंघेणं नव्हतं, ते खोक्याचे कोपरे बघत. पुठ्ठ्याची अकरा मॉडेलं झाली. एकदा चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर त्यांनी फादरनाही गाठून तिसऱ्या भावाची कैफियत ऐकवली. फादरनी प्रार्थना करतो म्हणून सांगितलं.

मग मुलुंडच्या शिंदेंचा फोन आला. ॲल्युमिनियम जोडायच्या आर्गन वेल्डिंगमध्ये अंकलचा विश्वास फक्त याच माणसावर. शिंदे वर्कशॉप बंद करून गावी निघाले होते. डबा हवा असेल तर शनिवारपर्यंत सांगा, नंतर नाही.

शनिवारी अंकल मलाही ओढून घेऊन गेले. अकरावं मॉडेल माझ्या मांडीवर. शिंदेंनी ते उलटसुलट बघितलं, पत्रा काढला, खुणा करायला पेन्सिल उचलली. तेव्हा अंकलनी विचारलं, गाडीचा आवाज बदलेल का?

“बदलेल म्हणजे? तुमची गाडी आहे हे कोणाला ओळखू यायचं नाही.” शिंदे खुशीत म्हणाले.

अंकलनी मॉडेल उचललं, शिंदेंचा हात हातात घेतला आणि आम्ही निघालो. मी वैतागलो. अख्खा शनिवार वाया गेला होता. अर्धा रस्ता मी बडबडत होतो. मग अंकल म्हणाले, “आई आवाजावर ओळखते रे. वळणावर ऐकलं की उठते, भिंतीला धरून येते, कडी काढते. घरातलं तेवढंच एक काम राहिलंय तिच्याकडे.”

तीन वर्षं या माणसाची मी टिंगल केली, याची लाज वाटली.

“आणि तिसरा भाऊ?” मी विचारलं.

“सांभाळून घेईल. भाऊच आहे.”

वळण आलं. अंकलनी दोनदा ॲक्सिलरेटर दाबला. गाडी लावली, जिना चढायला लागलो, तोच वर कडी वाजली. दारात आई उभ्या होत्या, एक हात अजून कडीवर.

“पास्कू, आज उशीर केलास,” त्या म्हणाल्या.