मोरोपंतकाकांची गाडी आणि कौंडण्यपूरचे कावळे

मोटार बिघडली की लोक मेकॅनिककडे धावतात. मी प्लगकडे पाहतो! इंजिनातला स्पार्क प्लग काढायचा आणि त्याचं तोंड बघायचं. पांढरं असेल तर हवा जास्त, काळं असेल तर पेट्रोल जास्त, चहासारखं तांबूस असेल तर सगळं झकास! अमरावतीच्या कोर्टात इतकं सरळ बोलणारा साक्षीदार मला कधी भेटला नाही.

म्हणूनच मोरोपंतकाकांच्या दहाव्याला कौंडण्यपूरला जायला मी काकांचीच गाडी काढली. काकांना मूलबाळ नाही. ते गेले आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. अकोल्याचे शेतकरी उत्तमराव, काकांचे जुने स्नेही, ती घ्यायला तयार होते. तेही दहाव्याला येणार होते. म्हटलं, क्रिया आटोपली की किल्ली त्यांच्या हातात!

निघण्यापूर्वी प्लग काढला. काळाकुट्ट! म्हणजे पेट्रोल जास्त. हवा वाढवायला कार्बोरेटरचा स्क्रू पिळला. नेमका उलटा! होती तेवढीही हवा बंद झाली. परत फिरवायला गेलो तर स्क्रूची खाच झिजलेली, तो जागचा हलेना. गाडी असा काळा धूर सोडू लागली की मागची गल्ली दिसेना.

मागच्या सीटवर गोदावरीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "हे असाच धूर काढत घरी यायचे रे!"

कसेबसे वर्धेच्या काठी पोचलो. इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ते चालूच ठेवलं. पिंड मांडले. पलीकडच्या बाभळीवर कावळे भरपूर, पण एकही खाली येईना!

"काही इच्छा राहिली असावी," गुरुजी म्हणाले.

"काका, काकूंना अंतर देणार नाही!" मी हात जोडले. कावळे ढिम्म.

"काका, तुमची छत्री माझ्याकडेच आहे! आजच परत करतो!" माझा चुलतभाऊ हरिहर ओरडला. कावळे आणखी वरच्या फांदीवर गेले.

ऊन चढलं. काकूंनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. शेवटी गुरुजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू या का?"

"नको!" काकू एकदम म्हणाल्या. "माझ्या हातचं खाल्ल्याशिवाय ते कधी घराबाहेर पडले नाहीत. आज उपाशी कशी पाठवू?"

काकांनी मला वकील केलं, आणि मी त्यांना साधा कावळा देऊ शकत नव्हतो.

उत्तमराव माझ्या कानाशी आले. "वकीलसाहेब, त्याईचा जीव गाडीत गुतला असन! मी घेऊन राहिलो ना ते! काहून गप बसले तुमी? बोला ना!"

काकूंचा चेहरा बघवेना. मी ओरडलो, "काका, गाडी विकणार नाही! जिवंत आहे तोवर मीच चालवीन!"

गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली. धूर विरला. बाभळीवरून एक कावळा उतरला, चालत आला आणि पिंडाला शिवला!

काकू हसल्या. काका गेल्यापासून पहिल्यांदा. गुरुजींनी गाडीला नमस्कार केला, हरिहरानं तिच्या चाकांना हात लावला. टाकीतलं पेट्रोल संपलंय, आणि कावळे त्या धुराला भीत होते, हे त्या काठावर फक्त मला उमगलं होतं. पण काकू पहिल्यांदाच पाणी पीत होत्या. मी कशाला बोलतोय?

उत्तमराव मात्र दोन पावलं मागे सरले. "आता हे गाडी फुकट देली तरी मले नाई पायजे, बावा!"

गावातून एक बैलजोडी आणून गाडीला जुंपली. शब्द दिला होता, तेव्हा स्टिअरिंगवर मीच बसलो. सडकेला लागलो तशा मागून काकू समाधानानं म्हणाल्या, "कमलाकांता, वर्षश्राद्धालाही हिच्यातूनच यायचं हं!"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?