प्रशिक्षित गोदाआक्का

आमच्या शेजारच्या गोदाआक्काकडं एकही शेळी नाही, पण शेळीपालनाचं प्रशिक्षण तिनं तीनदा घेतलं आहे. तिच्या घरात शिलाई मशीन नाही, पण ब्लाउज कसा बेतायचा ते ती तोंडी सांगते. मशरूमच्या प्रशिक्षणाला गेली तेव्हा तिनं मशरूम कधी बघितलंही नव्हतं. शेवटच्या दिवशी त्याची भाजी खायला मिळाली. घरी येऊन मला म्हणाली, "प्रशिक्षण लई चांगलं व्हतं. भाजी न्हाई."

आमच्या सिरसाळा गावात कुठंही सतरंजी अंथरून पुढं फळा ठेवला, की गोदाआक्का पहिल्या रांगेत दिसते. पिशवीत वही, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि तिथलं जेवण अळणी निघालं तर असावी म्हणून शेंगदाण्याची चटणी. प्रशिक्षणात गळ्यात घालायला मिळालेले बिल्ले तिनं घरात एका खिळ्याला टांगले आहेत. पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळतं आणि मग बिल्ले बघायला मिळतात. चहा सगळ्यात शेवटी.

"प्रशिक्षण घेतलेलं वाया जात न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि एकदा बसली की उठत नाही. पूर आणि आगीच्या प्रशिक्षणात साहेबांनी खोटीखोटी आग लागल्याचा भोंगा वाजवला. सगळ्या बाया पळत मैदानात गेल्या. मोजल्या तर एक कमी. साहेब घाबरून आत धावले, तर आक्का वही उघडून बसलेली.

"अहो, आग लागलीय!"

"लागू द्या की. तास संपायला धा मिनिटं हायेत."

ती सातवी शिकली आहे आणि मी चौथी. त्यामुळं कुठलाही कागद आला की तो आधी तिच्या हातात जातो. माझी मुलगी वैष्णवी शाळेतल्या मॅडमच्या व्हायोलिनच्या वर्गाला जाते. तिनं चिठ्ठी आणली, तीही आक्कानंच मोठ्यानं वाचली. परळीला शनिवार-रविवार कार्यशाळा होती. लहान मुलांना वाद्य शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि मुलांच्या पालकांसाठी.

मला जायचं नव्हतं. चार माणसांत उभं राहायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. पण वैष्णवीनं तीन आठवडे व्हायोलिनला हात लावला नव्हता. मी रोज तिच्या मागं लागायची, "वाजव, वाजव." ती जास्तच रुसायची. मॅडम म्हणाल्या होत्या, आईनं आलंच पाहिजे.

आक्कानं चिठ्ठीची घडी घातली. "व्हायोलिनचं माझं राहिलंच हाय."

"आक्का, ते पालकांसाठी हाय."

"आन् शिक्षकांसाठी बी."

"मग तू त्यातली कोण?"

"ते तिथं गेल्यावर बघू."

तिथं दारातच टेबल होतं आणि टेबलावर दोन वह्या होत्या. एक पालकांची, एक शिक्षकांची. हातात यादी घेतलेले एक सर बसले होते. पालकांच्या वहीत आपल्या नावापुढं मुलाचं नाव लिहायचं होतं. आक्काचं पेन त्या रकान्यावर जरा थांबलं. मग तिनं दुसरी वही ओढली. तिच्यात मुलाचं नाव मागितलं नव्हतं, शिकवण्याचा अनुभव मागितला होता. आक्कानं लिहिलं, "भरपूर."

मी तिचा दंड धरला. "आक्का, तुला ते धरता तरी येतंय का?"

"येत असतं तर प्रशिक्षणाला कावून आले असते?"

तिच्या गळ्यात बिल्ला आला. गोदावरीबाई, शिक्षक. दिवसभर माझी नजर त्या बिल्ल्यावरून हटत नव्हती. यादीवाले सर शेजारून गेले की मी मधे सरकून तो झाकायची.

शिकवायला पुण्याहून मुक्ताताई आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना व्हायोलिन म्हणून साबणाचं रिकामं खोकं दिलं. खोक्याला लाकडी पट्टी चिकटवलेली आणि वाजवायला एक काडी. म्हणाल्या, दुपारपर्यंत आवाज काढायचा नाही. नुसतं नीट उभं राहायचं आणि नीट धरायचं.

तबल्याचे एक मास्तर होते, ते भडकले. "आम्ही काय इथं खोकी वाजवायला आलो का?"

आक्का मागं वळली. "मास्तर, शेळीच्या प्रशिक्षणात बी पयल्या दिवशी शेळी नव्हती. चित्र व्हतं."

सगळे हसले. मास्तरांनीही शेवटी खोकं हनुवटीखाली घेतलं. मुक्ताताई सांगत होत्या, की आधी आईनं किंवा बापानं शिकायचं आणि मुलानं ते बघायचं. मुलाच्या मागं लागायचं नाही. त्यालाच हाव सुटली पाहिजे.

"करडाचं बी आसंच अस्तंय," आक्का पहिल्या रांगेतून म्हणाली. "तोंड धरून पाला कोंबला तर खात न्हाई. शेजारच्याला घातला, की आपसूक तोंड घालतंय."

मुक्ताताई थांबल्या. वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं. आक्कानं मला कोपर मारलं. "लिवून घेतलं बघ!"

दुपारी खरी व्हायोलिनं हातात आली, आणि काडीच्या जागी खरा गज. सगळ्यांनी मिळून एकदम पहिल्या तारेवरून गज ओढला, तशी छपरातली कबुतरं उडून गेली. मी भिंतीला टेकून सगळ्यांच्या मागं उभी होते. डोळे मिटून गज ओढला आणि आवाज कानाच्या आधी माझ्या दातांना लागला. हनुवटी थरथरली. हे मी वाजवलं? पुन्हा ओढला. पुन्हा तसंच! डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला ते मला कळलंही नाही. वैष्णवीला मी तीन आठवडे ज्याच्यावरून रागावत होते, ते हे असं होतं तर!

संध्याकाळी यादीवाले सर उभे राहिले. "उद्या मुलं येणार आहेत. प्रत्येक शिक्षकानं एका मुलाचा पाच मिनिटांचा तास सगळ्यांसमोर घ्यायचा. ज्यांना जमणार नाही त्यांची नावं आम्ही कमी करू." मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, "गोदावरीबाई, तुमचा वर्ग कुठं असतो?"

"सिरसाळ्याला," आक्का म्हणाली. ती वर्गात बसलेली असते ते सिरसाळ्यालाच, एवढंच काय ते खरं.

परतताना ती एसटीत खोकं हनुवटीखाली धरून बसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं तिकीट काढायचं का?"

"ह्ये शिकाऊ हाय. ह्याला माफी."

तो हसत पुढं गेल्यावर मी म्हणाले, "आक्का, उद्या येऊ नको. समद्यांम्होरं उठवतील."

"उठवतील तवा उठू. आपण होऊन अर्धं प्रशिक्षण टाकायचं न्हाई." पण हे म्हणताना ती हसली नाही.

रविवारी वैष्णवीला बरोबर नेलं. ती तोंड फुगवून मला चिकटून बसली, पेटी मांडीवर, पण उघडायला तयार नाही. शिक्षकांचे तास सुरू झाले. मास्तरांनी चांगला घेतला. एका सरांनी मुलाला इतकं दटावलं की ते मुतायला जातो म्हणून गेलं आणि परत आलंच नाही.

"गोदावरीबाई!"

आक्का पुढं गेली. "वैशू, ये."

वैष्णवीनं मान हलवली. आक्का दुसऱ्या मुलांकडं बघायला लागली, तर ती सगळी आपापल्या आयांच्या मागं सरकली. सरांनी खिशातून पेन काढलं. मी पदराचं टोक चावत होते.

आक्कानं पुन्हा कुणाला बोलावलं नाही. समोरच्या टेबलावरचं व्हायोलिन उचललं, हनुवटीखाली घेतलं आणि गज ओढला. गंजलेलं फाटक उघडावं तसा आवाज आला. मुलं खिदळली. तिनं पुन्हा ओढला.

"आक्का, उलटं धरलंस," माझ्या शेजारून वैष्णवी म्हणाली.

आक्कानं गज उलटा केला.

"ते न्हाई! व्हायोलिन! दुसऱ्या खांद्यावर!"

"ह्या?"

वैष्णवी उठलीच. पुढं जाऊन तिनं व्हायोलिन डाव्या खांद्यावर बसवलं, कोपर आत ढकललं, टाचा उंचावून आक्काची हनुवटी सरळ केली. "आता वढ. हळू. गवत कापतीस का?" तरी फाटक करकरलंच. "दे, मी दाखवते." आणि माझ्या लेकीनं वर्गात शिकवलेली छोटी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. मग कुणी न सांगता पुन्हा वाजवली. मी टाळ्या वाजवत उभी राहिले होते. एकटीच उभी होते, ते नंतर लक्षात आलं.

यादीवाले सर म्हणाले, "पण ताई, हा तास तर मुलीनंच घेतला."

मुक्ताताई काही बोलायच्या आत आक्कानं बिल्ला गळ्यातून काढला आणि टेबलावर ठेवला. "खरं हाय, सायेब. मी शिक्षक न्हाई. पालक बी न्हाई. त्या वहीत लेकराचं नाव मागत व्हते, म्हणून ह्या वहीत लिवलं. माझं नाव काढा. फकस्त दुपारचा तास बसू द्या."

सर मुक्ताताईंकडं बघायला लागले. ताईंनी बिल्ला उचलला आणि पुन्हा आक्काच्या गळ्यात घातला. "जागेवर बसा, आक्का. तुमची वही तिथंच उघडी आहे."

परतीच्या एसटीत वैष्णवीचं तोंड बंद होत नव्हतं आणि माझंही. मी विचारलं, "आक्का, मुद्दाम उलटं धरलंतंस व्हय?"

"मुद्दाम कसलं? हात कापत व्हते."

"मग एवढं भ्यायचं तर येतीस कावून? कुठलं बी प्रशिक्षण निघालं की तू हजर."

ती खिडकीतून थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सकाळी हजेरी घेतात ना गं. नाव घेतात, गोदावरीबाई म्हणून. आई होती तवर माहेरी घ्यायची. ह्यांनी कधी घेतलं न्हाई, 'अगं ए' म्हणायचे. आता तेवढं बी न्हाई. गावात तर समद्यांची मी आक्काच."

वीस वर्षं शेजारी राहून मीसुद्धा तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.

आता रोज संध्याकाळी सहाला आमच्या घरी तास असतो. शिकवणारी वैष्णवी आणि शिकणाऱ्या आम्ही दोघी. वैष्णवीनं पाठकोऱ्या कागदांची हजेरीवही केली आहे. आक्का साडेपाचलाच येते, पण ओसरीत उभी राहते. नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

परवा वैष्णवीला शाळेतून यायला उशीर झाला. सहा वाजून गेले. आक्का आपली ओसरीत उभी, पिशवी हातात, आत बघतही नव्हती. मी वही उघडली. घशाला कोरड पडली. तरी जेवढा होता तेवढा आवाज काढून म्हणाले, "गोदावरीबाई!"

समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या, काय झालं म्हणून.

"हजर," ती म्हणाली, आणि चपला काढून आत आली.