पांढरे अण्णा, काळे डॉक्टर

काटेअण्णा रविवारी संध्याकाळी पुन्हा हरले. कोणाकडून, हे विचारायची गरज नव्हती. अण्णांना बुद्धिबळात हरवणारा माणूस एकच होता आणि तो त्यांचा व्याही होता. मुलीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून दर रविवारी हे दातांचे निवृत्त डॉक्टर बगलेत पट मारून अण्णांच्या वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानात यायचे, दोघं अर्धं शटर खाली ओढून बसायचे आणि डॉक्टर जिंकून जायचे. जिंकायचेही असे, की समोरच्याला राग यायची सोय नाही. अण्णांचं प्यादं उचलताना "जरा दुखेल हं" म्हणायचे आणि मात दिल्यावर "आज तुमचं लक्ष नव्हतं, व्याही" म्हणून हात पुढे करायचे. नऊ वर्षांत अण्णांचं लक्ष एकदाही दुसरीकडे नव्हतं.

या रविवारी मात्र पटाशेजारी अण्णांचा मोबाइल होता. जावयानं त्यात एक साइट लावून दिली होती. तिच्यात डाव भरला की कुठली चाल बरी आणि कुठली वाईट, ते ती रंग लावून दाखवायची.

"फुकट आहे, अण्णा," जावई म्हणाला होता.

"फुकट कसं? त्यांचं पोट कशावर चालतं?"

"रोज एकच डाव फुकट. दुसऱ्याला पैसे."

"मग ठीक," अण्णा म्हणाले. आता त्यांना व्यवहार पटला.

डॉक्टर पांढरे घेऊन बसले होते, अण्णा काळे. पटावर चाल झाली की अण्णा तीच मोबाइलवर करत होते. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. "एक्स-रे काढताय वाटतं, काढा," एवढंच म्हणाले आणि नेहमीप्रमाणे जिंकून घरी गेले.

सोमवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा अण्णांनी डाव तपासायला घातला. पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी आली, अर्धी पांढरी, अर्धी काळी. पांढऱ्याचं बरं चाललं की पांढरा रंग चढायचा, काळ्याचं चाललं की काळा. अण्णांना ती बघताक्षणी आवडली. हा तर काटाच, फक्त उभा केलेला. ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि थोड्याच वेळात त्यांना तो काटा आवडेनासा झाला. एकदा पांढऱ्याकडे कलला तो परत यायचं नाव घेईना. खाली निकाल आला: पांढरे डॉक्टर, एक्क्याण्णव टक्के अचूक, विजयी. काळे अण्णा, अडतीस टक्के, घोडचुका पाच. त्यातल्या चार घोडचुका तर वजिराच्या होत्या.

अण्णांनी आयुष्यभर लोकांचे काटे खरे करून दिले होते. एखादा काटा अडतीस म्हणाला म्हणून ते ऐकून घेणार नव्हते. त्यांना वेगळाच संशय आला. 'डॉक्टर' हे नाव वाचूनच यंत्रानं मान तुकवली असणार. बँकेत तुकवतात, लग्नात तुकवतात, तर यंत्रात का नाही?

संशय आलेला काटा तपासायची त्यांच्या धंद्यात एक रीत होती. दोन्ही पारड्यांतला माल अदलाबदल करायचा. काटा खरा असेल, तर तो तेवढाच कलतो, पण दुसऱ्या बाजूला. अण्णांनी तेच करायचं ठरवलं. चाली त्याच ठेवायच्या, नावं तेवढी उलटी घालायची. आजचा फुकटचा डाव त्यांच्या मोबाइलवर संपला होता, म्हणून ते जेवायला घरी गेल्यावर बायकोचा मोबाइल घेऊन बसले. बायको आडवी झाली होती.

"काय करताय माझ्या फोनमध्ये?"

"तपासणी."

"कोणाचे फोन येतात त्याची?"

"झोप तू."

अख्खी दुपार एकेक चाल टिपून त्यांनी डाव पुन्हा भरला. वरती लिहिलं, पांढरे अण्णा, काळे डॉक्टर. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि पांढऱ्याला तेच एक्क्याण्णव दिले, काळ्याला तेच अडतीस. नावाकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नव्हतं. यंत्र प्रामाणिक होतं. म्हणजे अण्णा खरंच अडतीस टक्के होते. ते दुःख गिळायला सोपं जावं म्हणून 'अण्णा, एक्क्याण्णव टक्के, विजयी' या ओळीकडे ते तपासणीला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिले.

मग त्यांनी पडद्यावरच्या बाणाला बोट लावलं. बाण म्हणजे पुढे, असा त्यांचा समज. पडद्यावर लहान लहान गोल तोंडं आली. पहिल्या गोलात घरच्या लग्नाचा फोटो होता आणि फोटोत स्वतः अण्णा होते. डाव कोणाचा, ते यंत्र विचारत असेल, असं समजून त्यांनी आपल्या तोंडावर बोट दाबलं. मोबाइलनं टुक् असा आवाज केला आणि निकाल दोन्ही घरांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर जाऊन पडला. पाठवणार, अण्णांची बायको.

काय झालं ते कळल्यावर अण्णा घाबरले, पण बुद्धी शाबूत होती. निरोप पुसता येतो, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी तो दाबून धरला, दोन पर्याय आले, त्यातला 'माझ्यासाठी काढा' हा त्यांना सभ्य वाटला. निरोप गेला. कोणी बघायच्या आत निस्तरलं म्हणून ते समाधानानं दुकानात परत गेले. निरोप एकाच मोबाइलमधून गेला होता, बायकोच्या. बाकी साऱ्यांकडे तो ठणठणीत होता.

संध्याकाळी ते घरी आले, तर बायको दारात उभी.

"मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"कशाबद्दल?"

"दुपारपासून फोन ठेवायला उसंत नाही. माझा भाऊ, जाऊबाई, आपली लेक, सगळे अभिनंदन करतायत आणि मलाच माहीत नाही कशाचं. नऊ वर्षांनी डॉक्टरांना हरवलंत आणि घरी येऊन गुपचूप जेवून झोपलात."

"अगं, ते तसं नाही..."

"तसंच आहे. मोठेपणा मिरवायचा नाही, ही तुमची खोडच आहे. पण मी मिरवणार." तिचे डोळे भरून आले होते. "एक्क्याण्णव म्हणे. शाळेत कधी मिळाले नव्हते तेवढे."

बायकोनं त्यांच्याकडे असं शेवटचं कधी बघितलं होतं, ते त्यांना आठवेना. उद्या सांगू, असं ते मनाशी म्हणाले.

उद्यापर्यंत बातमी खालच्या शिंपीणबाईकडे गेली होती. शिंपीणबाईकडे गेलेली बातमी परत घेता येत नाही. दुकानासमोरचा औषधवाला रस्ता ओलांडून आला. "काय अण्णा, डॉक्टर माणसाचे दात त्याच्याच हातात दिलेत म्हणे." जावयानं नवं कोरं घड्याळ पाठवलं, दोन तोंडांचं, स्पर्धेत लावतात तसलं. सोबत चिठ्ठी, 'आता लागेल.' अण्णांनी ते कपाटात ठेवलं, तरी त्याची टिकटिक त्यांना ऐकू येत राहिली.

ग्रुपवर सगळे बोलले होते. डॉक्टरांनी मात्र नुसते जोडलेले हात पाठवले होते. अण्णा ते हात पुन्हा पुन्हा बघत. काय अर्थ असेल याचा? खरं काय ते त्या दोघांनाच माहीत होतं. शटरच्या आत तिसरं कोणी नव्हतं. म्हणजे डॉक्टरांच्या लेखी अण्णांनी हरून जिंकल्याचा डांगोरा पिटला होता, वर बायकोच्या हातून. ज्या माणसानं जन्मात कोणाला खोटं माप दाखवलं नाही, त्याच्याबद्दल त्याचा व्याही असा विचार करत असेल. आणि मुलगी त्या घरात नांदत होती.

बुधवारी त्यांनी मुलीला फोन केला.

"तुझे सासरे कसे आहेत?"

"पपा? गप्प आहेत."

"गप्प म्हणजे?"

"म्हणजे सासूबाई इतकी थट्टा करतायत आणि ते हसून गप्प बसतायत. अण्णा, मला किती बरं वाटतंय सांगू? दर रविवारी पपा जिंकून आले की मीच हरल्यासारखं व्हायचं मला."

अण्णांनी खरं सांगण्यासाठी फोन केला होता. ते म्हणाले, "जेवण वेळेवर कर," आणि फोन ठेवला.

उरलेला आठवडा त्यांनी एकच काम केलं. रोजच्या फुकटच्या तपासणीत जुन्या आठवणीतला एखादा डाव घालायचा आणि त्या उभ्या काट्याकडे बघत बसायचं. काटा दर वेळी एकाच जागी कलत होता. अण्णांना समोर काही फुकट दिसलं, की वजीर घेऊन तिकडे धावायचं आणि मागे घर उघडं टाकायचं, ही सवय होती. नऊ वर्षं डॉक्टर त्यांना एखादं प्यादं दाखवायचे आणि अण्णा धावायचे. हे एकदा दिसल्यावर त्यांना आपली लाजही वाटली आणि हसूही आलं.

रविवारी डॉक्टर नेहमीच्या वेळेला आले. पट मांडायच्या आत अण्णा उभे राहिले.

"डॉक्टर, मला बोलायचंय. ते ग्रुपवर गेलं ते..."

"पांढरे मी होतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आठवतंय मला."

अण्णांनी सगळं सांगितलं. अडतीस टक्के, पारड्यांची अदलाबदल, लग्नाच्या फोटोतलं आपलं तोंड. डॉक्टर तोंडावर रुमाल धरून ऐकत होते. रुमालामागे ते हसत होते, हे अण्णांना उशिरा कळलं.

"आज घरी जाऊन सगळ्यांना खरं सांगतो," अण्णा म्हणाले. "तुम्ही समोर असलात तर बरं."

"अजिबात सांगायचं नाही," डॉक्टर एकदम गंभीर झाले.

"का?"

"मी घरी कबूल केलंय, हरलो म्हणून."

"तुम्ही? का?"

"सूनबाईनं विचारलं, पपा, खरंच? तिचं तोंड बघितलं असतंत तर तुम्हीही हो म्हणाला असतात. मग आमची ही विचारायला लागली, कसे हरलात. काहीतरी सांगायला हवं. तुमच्या पाचही घोडचुका माझ्या म्हणून सांगितल्या, एकेक, पटावर मांडून. आता तुम्ही जाऊन खरं सांगितलंत, तर मी खोटारडा ठरेन. या वयात."

बाहेरून औषधवाल्यानं शटर वाजवून विचारलं, "काय अण्णा, आज पण उपटताय का?"

"मग एकच उपाय," अण्णा म्हणाले. "बसा. सांगितलंय ते खरं करायला हवं."

डॉक्टर भला माणूस. पाचव्या-सहाव्या चालीला त्यांनी आपला वजीर अण्णांच्या उंटासमोर आणून उभा केला आणि छताकडे बघू लागले. अण्णांनी वजीर उचलला आणि डॉक्टरांच्या घरात परत ठेवला.

"काटा मारू नका," ते म्हणाले. "नीट खेळा."

"नीट खेळलो तर तुम्ही हराल, व्याही."

"हरीन."

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि नीट खेळायला लागले. त्यांनी एक प्यादं दाखवलं. अण्णांचा हात वजिराकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी ते प्यादं तसंच राहू दिलं आणि किल्लेकोट करून राजा आडोशाला नेला. डॉक्टरांनी भुवया वर केल्या. मग एक उंट दाखवला. अण्णांनी त्याच्याकडेही बघितलं नाही. तासाभरानं डॉक्टर आपला जबडा चोळायला लागले. नऊ वर्षांत अण्णांनी त्यांना असं करताना बघितलं नव्हतं. त्यानंतर बऱ्याच वेळानं अण्णांनी हत्ती शेवटच्या पट्टीत नेऊन ठेवला, पुन्हा एकदा सगळीकडून बघितला आणि हळूच म्हणाले, "मात आहे ना ही?"

डॉक्टरांनी पटावर चहूबाजूंनी नजर फिरवली. राजाला जायला जागा नव्हती. "आहे," ते म्हणाले आणि उठून त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत घेतला. "आणि माझं लक्ष होतं."

अण्णा घरी गेले ते रस्त्याच्या मधून. ओळखीची माणसं दिसत होती, पण कोणाला काही सांगायची गरज वाटत नव्हती. बायको कणीक मळत होती. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"जिंकलो," ते म्हणाले.

"परत?" बायकोचा हात थांबला.

"परत म्हणजे... हो."

"अहो, काही तारतम्य? एकदा जिंकलात, सगळ्यांनी कौतुक केलं, झालं. आता दर रविवारी त्या भल्या माणसाला हरवत सुटणार का? मुलगी दिलीय त्या घरात आपण."

"अगं, आजची गोष्ट वेगळी होती."

"काही वेगळी नव्हती. पुढच्या रविवारी मुकाट्यानं हरून या."

अण्णांनी नळाखाली हात धुतले, सावकाश पुसले. नऊ वर्षं हरताना त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं, हरणार का म्हणून.

"बघू," ते म्हणाले. "जमलं तर."