पाच न हसणारे बोबो

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. खुद्द माझ्या बायकोचा बसला नाही, आणि ती माझ्याशी लग्न करायला तयार झालेली बाई, म्हणजे कशावरही विश्वास ठेवणारी. पण आपल्या याच हौशान गावात शहात्तर वर्षांच्या एका म्हातारीने बुडाखाली आग लागली असताना दीड उदबत्ती जळून होईपर्यंत 'आग' हा शब्द तोंडातून काढला नाही. शेंगा सोलता सोलता ऐका. हात थांबवू नका, नाहीतर खापर माझ्यावर फुटेल.

तर तिंगांच्या घरात सुना दोन. थोरली ज्यूयिंग, धाकटी युनश्या. घरं लागून, मध्ये छातीएवढी भिंत. नव्या वर्षाला पूर्वजांच्या चित्रापुढे पाच बोबो, म्हणजे फुगवलेल्या पिठाचे वाफवलेले गोळे, मांडायचे, आणि तो मान पहिल्यापासून थोरलीचा. ज्यूयिंगचा बोबो म्हणजे वाफेवर उगवलेला पौर्णिमेचा चंद्र. नारळाएवढा, गुळगुळीत, वर पिठाच्या चिमट्यांत खोवलेली लाल बोरं. धाकटीच्या हातात कला जास्त होती. कंगव्याच्या दातांनी ती पिठाच्या माशाला खवले काढायची, कात्रीच्या टोकाने कमळाच्या पाकळ्या उठवायची. पण भांड्यावर झाकण पडलं की तिचा बोबो हटकून हसायचा.

हसायचा म्हणजे फुटायचा. आत्ता चूल थंड आहे म्हणून स्पष्ट बोलतो. वर्षअखेरीला वाफ चढलेली असताना हा शब्द कोण उच्चारेल? फुटला म्हणायचं नाही, हसला म्हणायचं. नऊ वर्षं ओळीने युनश्याचे बोबो हसले.

"धाकटीचे बोबो फार आनंदी स्वभावाचे बाई," ज्यूयिंग भिंतीवरून म्हणायची. "आमचे आपले गंभीर."

दहाव्या वर्षी सासूबाईंनी निकाल दिला. "यंदा मान धाकटीचा. पण पाचांतला एक जरी हसला, तर ताट कायमचं थोरलीकडे. मग माझ्यापुढे रडायचं नाही."

"रडते कशाला?" युनश्या बाह्या वर सारत म्हणाली. "यंदा एकही हसला तर नाव बदलीन."

वर्षाच्या शेवटच्या महिन्यात अठ्ठावीस तारखेला तिने पहाटेपासून पीठ तिंबलं. इतकं तिंबलं की खालचं मेज दोन वेळा भिंतीपर्यंत चालत गेलं. पाच गोळे फुगून तयार झाले तेव्हा तिने नवऱ्याला, शौचंगला, चुलीपुढे बसवलं.

"अहो, नीट ऐका. भांडं चढलं की घरात वाईट शब्द निघता कामा नये. जळणं, आटणं, सांडणं, संपणं, काही म्हणजे काही चालणार नाही. 'नाही' हा शब्दसुद्धा काढायचा नाही."

"नाही काढणार," शौचंग म्हणाला.

"झाली सुरुवात! आणि दार बंद राहील. गार वारा लागला की बोबो हसतो. दोन उदबत्त्या होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही."

भांडं चढलं. पहिली उदबत्ती लागली. आता आपल्याकडच्या चुलीची धग कुठे जाते हे तुम्हाला ठाऊकच आहे. भिंतीपलीकडे, निजायच्या ओट्याखाली. आणि ओट्यावर सासूबाई गोधडी पसरून, मांडी घालून, खिडकीसाठी लाल कागदाची नक्षी कातरत बसल्या होत्या.

थोड्या वेळाने शौचंगजवळची जळणाची मक्याची कणसं संपली. पण संपली म्हणता येईना. त्याने डोकं खाजवलं.

"अगं, कणसांनी आपलं कर्तव्य पूर्ण केलं."

"मग दुसऱ्याला संधी द्या!"

त्याने हाताशी होतं ते घातलं. ते होतं नासपतीचं लाकूड, दोन हिवाळे वाळलेलं. चूल अशी घुमायला लागली की मांजर उठून माळ्यावर गेलं.

"सूनबाई," आतून आवाज आला, "माझी खालून मोठी भरभराट होतेय गं."

"होऊ दे, सासूबाई!"

"अगं, फारच होतेय! एका जागी बसवत..." म्हातारीने 'नाही' गिळला. "उभं राहावंसं वाटतंय!"

"अहो, ऐकलंत? आईंची भरभराट होतेय. अजून एक ओंडका घाला. शुभ असतं!"

शौचंगने घातला. बायकोचं ऐकायचं, हा त्याचा एकच गुण, आणि तो नेमका त्या दिवशी उफाळून आला.

आत सासूबाई आधी एका पायावर उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या, मग दोन्ही पायांवर आळीपाळीने. कात्री हातातच. गोधडीच्या मधोमध एक काळा ठिपका उमटला, त्याच्या कडा लाल झाल्या.

"सूनबाई, गोधडी लाल झाली!"

"लाल रंग चांगलाच की!"

"वाढतोय गं लाल रंग!"

"वाढू दे, वाढू दे! तोंडात साखर पडो तुमच्या!"

एव्हाना खिडकीच्या फटींतून धूर बाहेर पडायला लागला होता. ज्यूयिंग बादली घेऊन धावत आली आणि दार बडवायला लागली.

"युनश्या! दार उघड, घराला आ..."

"थोबाड आवरा!" आतून युनश्या ओरडली. "एक वाकडा शब्द काढलात जाऊबाई, तर बघा! वारा घालून माझे बोबो हसवायला आलात, मला कळतं हो सगळं!"

ज्यूयिंगही तिंगांचीच सून. चुलीवर वाफ असताना अपशब्द काढायची तिची प्राज्ञा नव्हती. तिने श्वास घेतला.

"अगं, तुझ्या घरातून ढग निघताहेत. देव उतरताहेत वाटतं. त्यांचे पाय धुवायला पाणी आणलंय, दार उघड!"

"देवांना म्हणावं, अंगणात टेका. अर्धी उदबत्ती उरलीय!"

"देव घाईत आहेत गं!"

"वर्षभर आले नाहीत, आता कसली घाई?"

तिने स्वतःच 'नाहीत' म्हटलं आणि जीभ चावली. तोवर आत म्हातारीनेही निश्चय केला होता. सुनेची परीक्षा आपणच लावली, तेव्हा आपल्या तोंडून ती बुडता कामा नये. तिने खिडकी लाथेने उघडली, पेटती गोधडी दोन बोटांत धरली आणि "गोधडीबाई, या हं परत," म्हणून आदराने तिला निरोप दिला.

गोधडी पडली ती ज्यूयिंगच्या राजहंसावर. हंसाला वाटलं सूर्यच पाठीवर बसला. तो गोधडी पांघरून गावभर धावला. लोकांना वाटलं, सिंहाचा नाच यंदा दोन दिवस आधी निघाला. ढोलवाल्याने ढोल काढला, झांजवाल्याने झांजा, आणि अख्खं गाव त्या हंसामागे नाचत समुद्रापर्यंत गेलं. हंस पाण्यात शिरला तेव्हा कुठे सिंह विझला. त्या संध्याकाळी आठ जणांनी एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छासुद्धा देऊन टाकल्या.

इकडे दुसरी उदबत्ती पूर्ण झाली. युनश्याने डोळे मिटून झाकण उचललं. पाच बोबो, पाचही गुळगुळीत! इतके, की मांजराने माळ्यावरून उतरून एकात तोंड पाहिलं आणि मिशा नीट केल्या. भेग म्हणाल तर केसाएवढीही नाही. नव्या वर्षाच्या सकाळी ते पूर्वजांपुढे मांडले, तेव्हा बोबो एकही हसला नाही, चित्रातले पणजोबा मात्र गालातल्या गालात हसले. मी माझ्या या डोळ्यांनी...

"खोटं!"

भिंतीला टेकून, डोळे मिटून ऊन खात बसलेल्या तिंगांच्या सासूबाई बोलल्या. त्या झोपल्यात असं समजूनच मी सुरुवात केली होती.

"पाचच्या पाच फुटले होते मेले! मी खिडकी उघडली, वारा शिरला, झाकण काढलं तर एकेकाचा जबडा उघडा. मग त्याच खिडकीतून थोरलीने आपले पाच टोपलीत घालून आत दिले, माझ्या डोक्यावरून! दोघी डोळ्यांनी खुणा करत होत्या. म्हातारीला काय दिसतंय!"

शेंगा सोलणाऱ्या दोन्ही सुनांचे हात थांबले. ज्यूयिंग आभाळाकडे बघायला लागली, युनश्या टरफलांकडे.

"मग आजी, तेव्हाच का बोलला नाहीत?" कुणीतरी विचारलं.

"का बोलू?" सासूबाई एका मांडीवरचा भार दुसऱ्या मांडीवर घेत म्हणाल्या. "त्या ताटासाठी माझी बैठक खरपूस भाजून निघाली होती. ताट परत दिलं असतं, तर एवढी भाजणी फुकट नसती का गेली?"