दिवा हिरवा हाय, पन पोच येते का?

आमच्या महापेच्या ऑफिसात म्हात्रेकाकांना नुसतं ‘बरी आहे’ सांगून सुटका नाही. “बरी म्हंजे काय? जेवलीस का? काय जेवलीस?” भाजीचं नाव ऐकल्याशिवाय हा माणूस वाट सोडत नाही. शिरवण्याचे आगरी, आमच्या नेटवर्कचे प्रमुख आणि भयंकर चिवट.

आम्ही एका हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळतो. त्याच्या दारावर दोन फायरवॉल, म्हणजे वॉचमनची जोडीच. एक राबतो, दुसरा तयारीत बसतो. पहिल्याची केबल मेली की दुसऱ्याने उठायचं. केबल जिवंत असली की आमच्या स्क्रीनवर तिचा हिरवा दिवा लागतो, आणि सगळे त्या दिव्यावर भरवसा ठेवून निवांत असतात. काका सोडून! “दिवा हिरवा हाय, पन पोच येते का?” म्हणून त्यांनी प्रत्येक केबलमधून सतत पलीकडे हाक मारायची सोय केली. पोच आली नाही की घंटा वाजणार आणि काम दुसऱ्याकडे जाणार.

ती घंटा एक-दोनदा उगाच वाजली. आमचे मॅनेजर देशमुख वैतागले. “काका, आता एकदा जरी फुकट वाजली ना, तर हे सगळं काढून टाकायचं!” काकांचं तोंड एवढंसं झालं.

आणि मेली वाजली कधी? करार वाढवायला हॉस्पिटलचे मोठे साहेब तिथूनच व्हिडिओ कॉलवर असताना, भर दुपारी! दिवे सगळे हिरवेगार. पडद्यावर साहेब तोंड उघडं ठेवून थिजलेले.

“बंद करा ते!” देशमुख ओरडले.

“थांब रे जरा. पोच नाय येत.” काका जागचे हलले नाहीत.

आणि साहेब हलले! बोलायलाच लागले! तयारीतल्या पठ्ठ्याने त्याच्या वेगळ्या लाइनवरून सगळा कारभार उचलला होता. बिघाड पार पलीकडे, इंटरनेट पुरवणाऱ्या लाइनवाल्यांकडे होता. आमचा दिवा आपला हिरवाच.

“सर, मघाशी काही अडकलं का?” देशमुखांनी घाबरत विचारलं.

“नाही बुवा. का?”

काकांनी टेबलावर असा हात मारला की चहाचे कप उडाले. करार वाढला. देशमुखांनी काकांना कडकडून मिठी मारली, अख्ख्या मजल्याने टाळ्या पिटल्या. मी तर शिट्टी मारली!

संध्याकाळी काका जागेवर एकटेच बसलेले दिसले.

“बरे आहात ना, काका?”

“एकदम बरा हाय!”

काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, “जेवलात का?”

काका स्क्रीनकडे बघतच म्हणाले, “नाय गो. तुझी काकी रोज इचारायची. ती गेल्यापासून आज पयल्यांदा कोनी इचारला.”

टेन्शनमध्ये माझाही डबा तसाच राहिला होता. मी तो मधे ठेवून उघडला. काकांनी भाजीचं नाव न विचारताच पोळी मोडली.