कॅलगरीच्या हरणासाठी गोळी

बंदुका आणि गोळ्या यांतलं मला सगळं कळतं, असं मी चंदीगडमध्ये चारचौघांना सांगून ठेवलं होतं. अगदीच खोटं नव्हे हो! पस्तीस वर्षं फौजेत काढली. फक्त ती रसद पुरवणाऱ्या खात्यात काढली, एवढं सांगायचं राहून जायचं. माझ्या हातून जवानांना आटा गेला, डाळ गेली, दुधाची पावडर गेली. गोळी मी वर्षातून एकदा झाडायचो, आणि ती कुठे गेली हे मला कुणी विचारत नसे.

आमचे घरमालक ग्रेवाल पापाजी खालच्या मजल्यावर राहतात. मी आणि मंजिरी वर. पापाजी ऐंशीच्या पुढचे. बायको गेल्यापासून अबोल झालेले. एकुलता नातू जसकरण कॅनडात, कॅलगरीला. वर्षातून दोनदा त्याचा फोन यायचा, "तबियत ठीक?" एवढा.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी पापाजी चक्क जिना चढून वर आले. गुडघे धरलेला माणूस! आम्ही घाबरलोच.

"कर्नल साहब, जसकरण हिरन के शिकार पे जा रहा है. वहाँ लायसेन्स मिलता है. पूछ रहा था, दादाजी, गोली कौनसी लूँ?" ते दाराला टेकून उभे राहिले. "पहली बार उसने मुझसे कुछ पूछा है जी."

"तो बता दीजिए ना," मंजिरी म्हणाली.

"पुराना आदमी हूँ, बेटी. गलत बता दिया तो फिर कभी नहीं पूछेगा. ये फौजी हैं, ये बताएँगे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय!

"फुल मेटल जॅकेट!" मी ठणकावलं. "ऊपर पूरा तांबे का कवच. सीधी आरपार! फौज में वही चलती है."

"अहो, नक्की ना?" मंजिरीनं हळूच मराठीत विचारलं.

"पक्का!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पापाजींचं बोलावणं. तिकडे आदली संध्याकाळ; जसकरण बंदुकांच्या दुकानात उभा होता आणि व्हिडिओ कॉल चालू होता. पापाजींनी बागेत फिरायला येणारे चार म्हातारेही बोलावून ठेवले होते. सगळे हातात चहाचे ग्लास घेऊन, कीर्तनाला बसावं तसे बसलेले. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला होता.

पडद्यावर एक पिकल्या केसांची दुकानदारीण आली. "भारतीय सैन्यातले कर्नल," जसकरणनं इंग्रजीत ओळख करून दिली. बाई ताठ उभी राहिली. मीही राहिलो.

"फुल मेटल जॅकेट!" मी हुकूम सोडला.

बाईनं मान हलवली. "कर्नल, हरणावर ती गोळी आमच्याकडे कायद्यानं चालत नाही."

"का बरं? ती तर आरपार जाते!"

"म्हणूनच. बारीक भोक पाडून निघून जाते. हरीण पळत सुटतं आणि लांब कुठेतरी तडफडत मरतं."

"युद्धात मात्र..."

"समोर शत्रू नाहीये, कर्नल. हरीण आहे."

चारही म्हाताऱ्यांनी एकदम चहाचा घोट घेतला. जसकरणचा चेहरा पडला. "छोडो, दादाजी. फिर कभी बात करेंगे." आणि त्याचं बोट पडद्याकडे आलं.

"पुत्तर, फोन ना कट्टीं!"

हा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. पापाजींनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि पंजाबीत सांगू लागले. ते बावीस वर्षांचे होते. तेव्हा शिकारीला परवाने मिळत. पिंजौरच्या मागच्या टेकड्यांत त्यांनी एका सांबरावर अशीच कडक कवचाची गोळी चालवली. सांबर पळालं. दिवसभर शोधलं. दुसऱ्या दिवशी ओढ्यात सापडलं, तेव्हाही त्याचा श्वास चालू होता.

"ओहदियाँ अक्खाँ मैनूँ अज वी दिसदियाँ ने." त्याचे डोळे मला आजही दिसतात, पुत्तर.

मग त्यांनी शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. सॉफ्ट पॉइंट घे. तिच्या टोकाला शिसं उघडं असतं, आत गेली की फुलते. फार हलकी नको, हाडावर फुटते. नेम खांद्याच्या जरा मागे. आणि मनात शंका आली तर चालवूच नकोस.

जसकरणनं बाईला इंग्रजीत सांगितलं. तिनं मान डोलावली. "घरात असा आजोबा असताना तू कर्नलला कशाला विचारलंस?"

मी हळूच चपला शोधायला लागलो. मागे आजोबा-नातू चाळीस मिनिटं बोलत होते.

नोव्हेंबरात, आम्ही थालीपीठं द्यायला खाली गेलो असताना, पुन्हा फोन आला. हरीण ऐंशी पावलांवर उभं होतं. नेम बरोबर होता. पण जसकरणचं बोट काही हललं नाही. हरणानं त्याच्याकडे पाहिलं आणि ते झाडीत निघून गेलं.

"दादाजी, नाराज हो?"

पापाजींनी फोन आणखी जवळ धरला. "ना पुत्तर. अगले ऐतवार फेर फोन करीं." पुढच्या रविवारी पुन्हा फोन कर, म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. "कर्नल साहब, उँगली क्यों नहीं चली उसकी? ठंड थी, या मेरी बात लग गई?"

मी तोंड उघडलं. मग मिटलं.

"पता नहीं, पापाजी."

मंजिरीनं दचकून माझ्या कपाळाला हात लावला. "अहो, ताप आहे का तुम्हाला?"